एक्रानोप्लान का चाललं नाही? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एक्रानोप्लान म्हणजे पाण्याला जवळपास चिकटून उडणाऱ्या विमानांबद्दल वाचतोय आणि एका जागी अडलोय. तत्त्व पटतं. पंखांच्या विस्ताराच्या एक दशांश उंचीवर उडालं, की उचल (विमानाला वर धरणारं बल) मिळवताना होणारा हवेचा रोध साधारण निम्म्यावर येतो. मग घोडं कुठे पेंड खातंय?

बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: सोव्हिएत संघ मोडला, पैसा आटला. मला हे पटत नाही. सोव्हिएत अभियंते अलेक्सेयेव्ह यांचं 'केएम' हे एक्रानोप्लान १९६६ मध्येच उडालं होतं. लांबी ९२ मीटर, वजन ५४४ टन. १९८० मध्ये ते कॅस्पियन समुद्रात अपघातात गेलं आणि त्याची दुसरी प्रत काही निघाली नाही. तेव्हा तर संघ शाबूत होता! तिकडे पश्चिम जर्मनीत विमानरचनाकार लिपिश यांच्या रचनेची छोटी विमानंही सत्तरच्या दशकात उडाली, पण त्यांचाही प्रसार झाला नाही.

माझा संशय इंजिनांवर आहे. केएमच्या फोटोत कॉकपिटमागच्या आखूड पंखांवर आठ जेट इंजिनं दिसतात, शेपटीवर आणखी दोन. पुढच्या आठांचं खरं काम पाण्यातून वर उठण्यापुरतं. नंतर ती नुसती ओझं म्हणून वाहायची. खरं कारण हेच का?

प्रतिसाद: बरोबर वाटेवर आहात. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. तळ पाण्यातून सुटेपर्यंत रोध एका टप्प्यावर प्रचंड वाढतो, तेवढ्यासाठी हा सगळा फौजफाटा. पुढच्या इंजिनांचा झोत पंखाखाली मारून विमान उचलायचं. पण माझ्या मते मुळात तुलनाच चुकते. रोध निम्मा झाला तो कशाच्या तुलनेत? जेट विमान दहा किलोमीटरवर विरळ हवेत उडतं, तिथे त्याला कमी इंधनात लांब जाता येतं. समुद्रसपाटीला वाचवलेलं बरंचसं तिथल्या दाट हवेतच खर्ची पडतं.

दुसरा प्रतिसाद: आणखी एक, वळणं विसरू नका. विमान कललं की पंखाचं टोक पाण्यात, म्हणून वळसा भलामोठा. समोर मच्छीमार बोट आली तर? शिवाय उंच लाटा आणि इंजिनात जाणारं खारं पाणी.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. दहा किलोमीटरचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आता फक्त शेपटीचं सांगा, ती एवढी अवाढव्य का?

प्रतिसाद: पृष्ठभागाजवळ उचलीचा केंद्रबिंदू मागे असतो. विमान वर सरकलं की तो पुढे येतो आणि नाक वर उसळतं. ते दाबून धरायला मोठी शेपूट, तीही उंचावर, पंखामागच्या खाली वळलेल्या हवेपासून शक्य तितकी दूर. लिपिश यांच्या उलट्या त्रिकोणी पंखात ही सरक कमी होते, म्हणून मॉडेल करून बघणार असाल तर तोच आकार घ्या.