गाडीत व्हेप ओढताना अडवलं, व्हेप ठेवून घेतलं. परत मागायला जाऊ का? (सोलापूर)

नमस्कार मंडळी. जरा टरकलोय, म्हणून लांबण लागेल, सांभाळून घ्या.

परवा संध्याकाळी विजापूर रोडने घरी येत होतो. उकाडा जीवघेणा, त्यामुळे काचा वर, एसी चालू, आणि डाव्या हातात व्हेप (म्हणजे ई-सिगारेट). सिगारेट सोडायची म्हणून दीड वर्षापूर्वी ते घेतलं होतं. सिगारेट सुटली, पण आता हे दिवसभर तोंडात असतं. सिग्नलला काच खाली करून झुरका सोडला, तर एवढा धूर बाहेर पडला की शेजारचा रिक्षावाला ओरडला, "ओ दादा, गाडी पेटली काय बे!" चार पावलांवर हवालदार उभे. शिट्टी वाजली, गाडी बाजूला.

लायसन्स डिजिलॉकरमधलं दाखवलं, ते चाललं. मग व्हेप हातात घेऊन वास घेतला. "यात गांजा घालतो काय?" नाही म्हटलं, निकोटीन आहे, कलिंगडाचा फ्लेवर आहे. (फ्लेवर कशाला सांगितला देव जाणे.) "हे बंद आहे, माहितंय ना? आणलं कुठनं?" मी गप्प. नंबरप्लेटचा फोटो काढला, लायसन्सचा काढला, व्हेप खिशात टाकलं आणि म्हणाले, "उद्या ठाण्यात येऊन साहेबांना भेट." पावती नाही, कागद नाही. पैसे मात्र मागितले नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू.

मी गेलो नाही. आज तिसरा दिवस. 2800 रुपयांची वस्तू आहे, जाऊन मागावी का? एक मित्र म्हणतो, पाचशे-हजार देऊन मिटव. दुसरा म्हणतो, ओढण्यावर बंदीच नाही, फक्त विकण्यावर आहे, बिनधास्त जा. नक्की काय खरं? घरी आप्पांना कळलं तर वेगळंच. स्वतः चाळीस वर्षं तंबाखू मळतायत, पण माझ्या हातात हे दिसलं की खैर नाही.

– एमएच_तेरा

*

2800 विसर बे. ज्या वस्तूवर देशात बंदी आहे ती पोलिसांकडे परत मागायला जायचं, म्हणजे आपल्या पायाने जाऊन "कुठनं आणलं" याचं उत्तर द्यायचं. ते उत्तर आहे का तुझ्याकडे?

– होटगीरोडवाला

*

वकिली करतो, पण हा सल्ला फुकटचा आहे, तेवढ्याच किमतीचा धरा.

तुमचा दुसरा मित्र अर्धा बरोबर आहे. ई-सिगारेटवर 2019 मध्ये आधी वटहुकूम आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्यात बनवणं, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याला वेगळी शिक्षा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "ओढणं" हा शब्द या यादीत नाही. पण "वाहतूक" आहे, आणि तुम्ही चालत्या गाडीत होतात. स्वतःपुरत्या एका नगाला वाहतूक म्हणायचं का, यावर मी कोर्टात तासभर बोलू शकेन, पण रस्त्यावर उभं राहून हवालदारांशी तो वाद घालू नये. आणि कोणी परदेशातून किंवा ऑनलाइन मागवून दिलं असेल, तर तो माणूस सरळ कायद्याच्या तावडीत येतो. "कुठनं आणलं" हा प्रश्न त्यासाठीच असतो.

या कायद्याखाली झडती-जप्तीचे अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहेत. तरी एवढ्यावर उड्या मारू नका. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर कोणताही पोलीस वस्तू ताब्यात घेऊ शकतो, फक्त ठाण्याच्या प्रभारींना लगेच कळवावं लागतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 106). रीतसर जप्ती असती तर यादी, सह्या आणि आता व्हिडिओही झाला असता. तुमच्याकडे त्यातलं काही नाही, म्हणजे बहुधा कागदावर काही चढलेलं नाही. तोंडी "ये" ही नोटीस नव्हे. लेखी नोटीस आली तर मात्र त्या तारखेला जायचंच, वकील घेऊन.

गांजाचा प्रश्न त्यांनी उगाच विचारला नाही. काही व्हेपमध्ये गांजाचं तेल असतं आणि तसं निघालं तर अमली पदार्थांचा कायदा लागतो, तिथे गंमत नाही.

पाचशे-हजार देऊन मिटवणाऱ्या मित्राचं अजिबात ऐकू नका. 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. कोणी मागितलीच तर लाचलुचपत विभागाचा 1064 आहे.

– कोर्टाच्या_पायरीवर

*

सगळे व्हेपमध्येच अडकलेत. हा मनुष्य एका हाताने गाडी चालवत, काचा बंद करून, आत धूर करत होता, त्याचं काय? मी स्कूटीवरून त्याच रस्त्याने येते. धोकादायक चालवणं म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम 184 लावलं असतं तर हजार ते पाच हजार दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे. हवालदारांनी नंबरप्लेटचा फोटो काढलाय ना, मग आधी ई-चलान बघा. वाहतूक पोलिसांच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की दिसतं.

आणि सोडायचंच असेल तर 1800-112-356 हा तंबाखू सोडवणाऱ्यांचा फुकट नंबर आहे. माझ्या भावाने लावला होता, मराठीत बोलले.

– आसरा_चौक

*

ताई, बोललात ते लागलं, पण बरोबर आहे.

ई-चलान बघितलं. परवाचं काहीच नाही. नवी पेठेतलं मागच्या दिवाळीचं नो पार्किंगचं मात्र निघालं, पाचशेचं, ते भरून टाकलं. वकीलसाहेब, ठाण्यात जात नाही, नोटीस आली तर तुम्हालाच विचारेन. मित्राचं नाव घ्यायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं, त्याने पुण्याहून आणून दिलं होतं.

अजून एक. कपाटात जुनं बंद पडलेलं व्हेप आणि दोन पॉड (त्यात बसवायच्या निकोटीनच्या कुप्या) आहेत. घंटागाडीत टाकले तर चालतील का?

– एमएच_तेरा

*

घंटागाडीत नको. आत लिथियमची बॅटरी असते, कचरा दाबताना पेटते. ई-कचरा घेणाऱ्याकडे दे. पॉडमधलं निकोटीन लहान मुलांच्या हाती लागू देऊ नकोस. आणि आप्पांच्या आधी कपाट उघड.

– होटगीरोडवाला