लॉगमधला पाथ नेमका कुणाचा?

कंटेनरमधल्या (म्हणजे स्वतःच्या वेगळ्या फाइली दिसणाऱ्या बंदिस्त कप्प्यातल्या) प्रोसेसने पासवर्ड फाइल उघडली, तर लिनक्सच्या ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय केलं याच्या नोंदवहीत, ती होस्टचीच (मूळ मशीनचीच) वाटते, ही अडचण खरी आहे. फाइलचा पत्ता सांगणाऱ्या पाथ रेकॉर्डच्या ‘नेम’मध्ये प्रोसेसने दिलेलं नावच उतरतं, आणि ते ‘/’ने सुरू होत असेल तर तिच्या स्वतःच्या रूटपासून, म्हणजे तिला दिसणाऱ्या सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, मोजलेलं असतं. सीएचरूटचंही (प्रोसेसचं रूट बदलून देणाऱ्या सोयीचंही) तेच. नुसत्या नावावरून कृपया कुणावर ठपका ठेवू नका! शेजारचे ‘इनोड’ (फाइलचा क्रमांक) आणि ‘डेव्ह’ (ती ज्या डिव्हाइसवर आहे त्याचा क्रमांक) होस्टवरच्या फाइलशी ताडून बघा. आकडे जुळले नाहीत तर फाइल बहुधा वेगळी. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) मात्र होस्टच्या हिशेबाने असतो, म्हणून होस्टवरच्या प्रॉकमधल्या (चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) त्या पीआयडीच्या ‘रूट’ दुव्यातून कंटेनरमधली फाइल बघता येते. पण प्रोसेस चालू आहे तोवरच, तेव्हा हे आधी उरका.