मदत हवी आहे: हिंजवडीच्या साठ डब्यांसाठी स्टील, प्लॅस्टिक की चिपाड?

पोळीभाजी
नमस्कार मंडळी. कर्वेनगरमधून घरगुती डबे देते. आसपासच्या मुलांना तीन पुडांचा स्टीलचा डबा जातो. आजचा भरलेला द्यायचा, कालचा रिकामा आणायचा. आता हिंजवडीच्या एका ऑफिसने रोज साठ डबे मागितलेत. अट एकच, "इको-फ्रेंडली हवं". म्हणजे नक्की काय, ते त्यांनाही सांगता येईना. त्यांना उसाच्या चिपाडाचे डबे आवडलेत, कारण झाकणावर हिरवं पान छापलेलं असतं. माझा पुरवठादार म्हणतो, काळे प्लॅस्टिकचे घ्या, लोक धुऊन परत वापरतात. (कोण वापरतंय!)

माझा कल स्टीलकडे, पण एक जोड तिकडे आणि एक इकडे, म्हणजे एकशेवीस डबे विकत घ्यायचे. त्यात भांडी घासायला गरम पाणी, साबण आणि रिकामे परत आणायचं पेट्रोल. हे सगळं धरूनही स्टील बरं पडतं का? आणि चांदणी चौक ओलांडेपर्यंत आमटी सांडणार नाही असा डबा कुणी पाहिलाय का?

हिशेबनीस
ताई, हिशेब एका डब्याचा नाही, एका जेवणाचा मांडा. खालचे आकडे ढोबळ आहेत, तुमचे डबे काट्यावर ठेवून बदला.

प्लॅस्टिकचे तीन डबे मिळून ६० ग्रॅम धरू. कच्च्या मालापासून साच्यापर्यंत किलोमागे साधारण अडीच किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जेवणामागे १५० ग्रॅम. स्टीलचा डबा ८०० ग्रॅम. स्टीलचा आकडा भंगार किती वापरलं यावर खूप हलतो. मुद्दाम चढा, किलोला ६ धरतो. म्हणजे ४.८ किलो, एकदाच. धुवायला एक लिटर पाणी ३५ अंशांनी तापवलं तर ०.०४ युनिट वीज, जवळपास ३० ग्रॅम. सोलर असेल तर तेही नाही.

म्हणजे प्रत्येक वापरात १२० ग्रॅम वाचतात आणि चाळिसाव्या जेवणाला डबा फिटतो. ऑफिसच्या कामाचे दोनेक महिने. एकशेवीस डबे आलटून पालटून वापरणार म्हणून दुप्पट वेळ धरा.

खरी मेख परत आणण्यात आहे. लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. रिकाम्या डब्यांसाठी स्कूटरची वेगळी दहा किलोमीटरची फेरी मारली तर अर्धा किलो गेलाच. त्या फेरीत निदान पाच डबे आले नाहीत तर कमावलेलं सगळं पेट्रोलमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशीचे भरलेले पोचवतानाच रिकामे उचलायचे, एवढं करारात लिहून घ्या.

ओला_सुका
चिपाडावर लिहितो. चिपाड वाया जाणारी वस्तू म्हणून विकतात, पण साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, तेव्हा अगदीच फुकटचं नाही. तेल-रस्सा झिरपू नये म्हणून काही उत्पादक त्यात पीएफएएस रसायनं घालतात, ती मातीत वर्षानुवर्षं राहतात. पुरवठादाराकडून 'पीएफएएस नाही' असं लेखी घ्या. आणि तो डबा खतात गेला तरच अर्थ. त्या ऑफिसात ओला कचरा जिरवायची सोय आहे का ते विचारा. मिश्र कचऱ्यातून डेपोत गेला तर ऑक्सिजनविना कुजून मिथेन होणार. काळ्या प्लॅस्टिकचं म्हणाल तर तेलकट डब्याला भंगारात कोण भाव देतो? 'स्वच्छ' या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना विचारून बघा.

टोपीवाला_टीका
+१. फक्त कार्बन मोजू नका, एवढंच. २०१८च्या डेन्मार्क सरकारच्या अभ्यासात साध्या सुती पिशवीला प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला हवामानबदलाच्या निकषावर ५२ वापर लागत होते, सगळे निकष धरले तर ७,१००. आणि हो, आता ते ऑफिस डब्यासोबत लोगोवाली सुती पिशवीही मागेल. देऊ नका.

पत्रा_प्रेस
भोसरीत प्रेसचं काम करतो. आमटी सांडते ती बहुतेक झाकणाची रिंग सैल झाल्याने, डबा वाईट म्हणून नव्हे. घेताना तीन गोष्टी पाहा: सिलिकॉनची रिंग सुटी मिळते का, क्लिप पिनेवर आहे की स्पॉट वेल्डने चिकटवलेली, आणि आतले कोपरे गोल आहेत का. वेल्डवाली क्लिप तुटली की अख्खा डबा भंगारात. चौकोनी कोपऱ्यात तूप बसतं, मग दुप्पट पाणी जातं. सगळे डबे एकाच मापाचे घ्या, म्हणजे झाकणं अदलाबदल झाली तरी चालतं. पत्रा जाड नको, उगाच वजन.

पोळीभाजी
बरंच उलगडलं, आभार. करार लिहायला घेते. ऑफिसात डबे हरवले तर भरपाई कुणी द्यायची? अनामत मागितली तर ते बिचकतील का?

हिशेबनीस
माणसामागे नको, ऑफिसकडून एकरकमी घ्या आणि बुडाला नंबर कोरून घ्या. महिन्याला किती परत आले नाहीत ते मांडत चला. दर वीस फेऱ्यांत एक डबा गायब होत असेल, तर चाळिसाचा आकडा गाठलाच जात नाही.

पोळीभाजी
बरं. पिनेच्या क्लिपवाले डबे रविवार पेठेत कुणी पाहिलेत का? शनिवारी जाणार आहे.