व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पॅम, काय करावं?

सोलापुरी_चादर: सोलापुरातल्या चाटी गल्लीच्या कापडबाजारातले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले मिळून ६०० जण ग्रुपवर आहेत. अनोळखी नंबर शिरतात, शेअर टिपच्या लिंका टाकून पसार होतात. काढले की दुसरे हजर.

टॉवेलवाला: तुमची निमंत्रण लिंक फुटलीय. नुसती माणसं काढून काय होणार? आधी लिंक रीसेट करा, जुनी लगेच बाद होते. मग ग्रुप परवानग्यांत नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी सक्तीची करा, सदस्य जोडायचा हक्कही ॲडमिनकडेच ठेवा. मंजुरीआधी दुकान कुठल्या गल्लीत ते विचारायचं. आणि नवी लिंक फेसबुकवर चिकटवू नका राव!

मागवाला: स्पॅमरला काढण्याआधी त्याचा मेसेज दाबून धरून रिपोर्ट करा, मग सर्वांसाठी डिलीट.

सोलापुरी_चादर: ओळखीच्याच नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाइल आली तर?

टॉवेलवाला: उघडू नका. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते, एपीके म्हणजे ॲप. एसएमएसची परवानगी मिळाली की ओटीपी वाचतं. इन्स्टॉल झालंच असेल तर नेट बंद, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. त्या सदस्याला तोवर ग्रुपबाहेर ठेवा.