शेअर नाही, नातं आहे ते

ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकेतल्या ग्रीन बे गावाचा अमेरिकन फुटबॉल संघ, आणि त्याचे मालक म्हणजे शेअर घेतलेले सामान्य लोक. लाभांश नाही, विकता येत नाही, मग हा शेअर घेणारे वेडेच, असं काहीजण म्हणतात. हिशोबाने बरोबर आहे. २०२१ च्या विक्रीत एक शेअर ३०० डॉलरला होता आणि हातात आलं ते भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र. तरी आज ५ लाखांहून जास्त भागधारक आहेत.

पण गाव केवढं? जेमतेम लाखभर वस्ती, आणि संघाच्या मैदानावर, लँबो फील्डवर, माणसं बसतात ८१ हजार! १९२३ मध्ये पैशांची चणचण होती तेव्हा लोकांनीच शेअर घेऊन संघ तगवला. धनाढ्य मालकच नाही, त्यामुळे 'उद्या संघ उचलून दुसऱ्या शहरात नेतो' अशी धमकी देणार कोण? तिकडच्या बाकी शहरांना ही धास्ती कायम असते. सीझन तिकिटाच्या प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. लोक तान्ह्या बाळाचं नाव घालून ठेवतात.

मला स्वतःला मात्र शेअरपेक्षा सायकलींचं कौतुक वाटतं. उन्हाळी सरावाला खेळाडू मैदानाकडे निघतात ते पोरांच्या सायकलवरून. सव्वाशे किलोचा गडी, गुडघे हनुवटीला टेकलेले, आणि सायकलचा मालक शेजारून त्याचं हेल्मेट कवटाळून धावतोय.

बर्फ पडला की गॅलऱ्या साफ करायला फावडी मारणारेही गावकरीच. तासावर पैसे मिळतात म्हणा, फुकट नाही. पण त्या थंडीत पहाटे रांग लागते ती काही नुसत्या पैशांसाठी नाही.