अनुभव धागा : कला मंडळात शेजारच्याची कला शिकताना

पुण्या-मुंबईच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत ज्यांनी उमेदीची तीन-चार वर्षे काढली, त्यांतल्या अनेकांचे निम्मे शिक्षण कला मंडळाच्या खोलीत झाले, असे माझे ठाम मत आहे. चित्रकला महाविद्यालयात चित्रकाराच्या आजूबाजूला चित्रकारच असतात आणि संगीत विद्यालयात गाणाऱ्याच्या शेजारी गाणाराच बसतो. साध्या कॉलेजच्या कला मंडळात मात्र नट, तबलजी, कथक शिकणारी मुलगी, पोस्टर रंगवणारा मुलगा आणि कलेचा गंध नसला तरी वायरी जोडता येतात म्हणून ओढून आणलेला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी हे सगळे एकाच सतरंजीवर बसतात. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून भरवत असलेल्या पुरुषोत्तम करंडकाने एकांकिकेच्या निमित्ताने या मंडळींना एकत्र आणले. पुढे फिरोदिया करंडकाने तर एकाच प्रयोगात नाट्य, संगीत, नृत्य, चित्र, शिल्प अशा सगळ्या कला गुंफायला सांगितल्या, त्यामुळे कोणालाच आपल्या कोपऱ्यात बसून राहता येईना.

म्हणून हा धागा काढत आहे. आपल्या स्वतःच्या कलेविषयी सगळेच लिहितात. इथे शेजारी बसलेल्या सहकाऱ्याची जी कला आपल्यात थोडीफार उतरली, तिच्याविषयी लिहावे, अशी विनंती आहे. बक्षिसांची यादी दिली नाही तरी चालेल. ती कला कशी शिकलात, हे मात्र बारकाईने सांगावे. सुरुवात मी करतो.

चित्र, पुणे, १९९० चे दशक

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी होतो. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा दिलेल्या असल्यामुळे मला चित्र येते, अशी माझी समजूत होती. फिरोदियाच्या प्रयोगात नाटक सुरू असताना रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात मोठ्या पांढऱ्या कागदावर एका शेतकरी बाईचे चित्र पूर्ण करायचे, हे काम माझ्याकडे आले. घरी ते चित्र मी पंधरा-वीस वेळा रंगवले होते आणि हात बसला होता. रंगीत तालमीत पहाटेच्या प्रसंगाला अंबर रंगाचे दिवे लागले आणि मी पिवळ्या रंगात ओढलेले सगळे फटकारे कागदावरून नाहीसे झाले. पांढरा कागदच पिवळा दिसू लागल्यावर पिवळा रंग दिसणार तरी कसा? निळ्या लुगड्याचा रंगही जवळजवळ काळा पडला होता. समोर बसलेल्या मंडळींना बाईचे डोके आणि पाय दिसत होते, पण मधली बाई दिसत नव्हती.

प्रकाशयोजना करणारा मुलगा विंगेतून शांतपणे आला. त्याने खिशातून जिलेटिन कागदाचे तीन तुकडे काढले, एक अंबर, एक निळा आणि एक लाल, आणि म्हणाला, "उद्या घरी हे डोळ्यांपुढे धरून रंगव." त्या रात्री मी एका हातात अंबर जिलेटिन आणि दुसऱ्या हातात कुंचला धरून तेच चित्र पुन्हा रंगवले. पिवळ्याच्या जागी गेरू घेतला, लुगड्याच्या कडेला पांढरी रेघ सोडली आणि सावल्यांसाठी निळ्याचा भरवसा सोडून दिला. प्रकाश हा चित्राच्या बाहेर नसतो, चित्रातलाच एक रंग असतो, हे मला कोणत्याही पुस्तकाआधी त्या तीन तुकड्यांनी शिकवले. आजही कोणतेही चित्र भिंतीवर टांगण्यापूर्वी त्या खोलीतला दिवा कोणत्या रंगाचा आहे, ते मी आधी पाहतो.

प्रकाशयोजना, पुणे, त्याच काळातली

वरचा अनुभव वाचून मलाही लिहावेसे वाटले. मी दिव्यांच्या बाजूचा माणूस. नाटकासाठी प्रकाशयोजना करताना शब्दांवर क्यू घ्यायची सवय होती, म्हणजे अमुक वाक्य संपले की तमुक दिवा मंद करायचा. आमच्या प्रयोगात एका वर्षी कथकचा तुकडा होता, आणि तिथे तर शब्दच नव्हते. नाचणारी मुलगी म्हणाली, "समेवर काळोख कर." सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते हे मला कळत नाही, असे सांगायची तेव्हा लाज वाटली. तीन दिवस माझा काळोख एकदा लवकर आणि एकदा उशिरा होत राहिला, पण ती चिडली नाही. तबलजीने मला शेजारी बसवून हातावर तीनताल धरायला शिकवला. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. मग त्याने तिहाई समजावली. तोच बोल तीनदा येतो आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' समेवर पडतो. दोनदा ऐकले, की तिसऱ्या वेळी शेवट कुठे होणार हे आधीच कळते, आणि दिवेवाल्याला नेमके हेच आधी कळलेले हवे असते.

एवढे शिकूनही एक अडचण राहिलीच. रंगमंचावरच्या मोठ्या बल्बची तार, डिमर म्हणजे दिवा मंद करायचा दांडा खाली ओढला तरी, क्षणभर तांबूस जळत राहते. त्यामुळे समेवर काळोख हवा असेल, तर हात समेच्या आधी हलवावा लागतो. किती आधी, ते मोजून सांगता येत नाही. शेवटच्या 'धा'च्या आधीच्या 'कत्'वर माझा हात सुटायचा. प्रयोगात ते जमले तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या अर्थातच तिला दिल्या, तरी तिने काळोखातच माझ्या दिशेने मान हलवली होती, असे तबलजीने मला नंतर सांगितले.

वेशभूषा, एका जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय

माझ्या अनुभवात थोडी कटुता आहे, ती लपवत नाही. मी मुलींच्या वसतिगृहात राहत होते आणि वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी साडेसातला बंद होत असे. तालमी साडेसहाला सुरू होत आणि रात्री दहापर्यंत चालत. मला नाटकात काम करायचे होते, निवडचाचणीत माझे नावही आले होते, पण वेळ वाढवून द्यावा हा अर्ज दोनदा फेटाळला गेला आणि माझी भूमिका गावातच घर असलेल्या मुलीला मिळाली. तिच्यावर माझा राग नव्हता. पण ज्या मुलांना फाटक नव्हते त्यांना हा प्रश्न आहे हेही बराच काळ कळले नाही, याचे दुःख अजून वाटते.

मला दिवसा करता येईल असे काम म्हणून वेशभूषा दिली गेली. तालीम पाहायला मिळत नव्हती, म्हणून सहायक दिग्दर्शक रोजच्या हालचाली एका दुरेघी वहीत लिहून सकाळी मला देत असे. रंगमंचाचा चौकोन, त्यात पात्रांची आद्याक्षरे आणि बाण. सुरुवातीला ती वही मी फक्त कोणते पात्र केव्हा आत जाते आणि कपडे बदलायला किती वेळ मिळतो हे पाहण्यासाठी वाचायचे. हळूहळू बाणच बोलू लागले. सासू आणि सून या दोघी पूर्ण पहिल्या प्रवेशात एकदाही एकमेकींच्या जवळ येत नाहीत, हे तालमीला हजर असलेल्यांच्या नव्हे, माझ्या लक्षात आले. मी दोघींना एकाच थानातल्या कापडाचे ब्लाउज दिले. अंतर ठेवणाऱ्या त्या दोघी एकाच घरच्या आहेत, हे डोळ्यांना जाणवावे एवढाच त्यामागचा विचार होता.

शिवलेली नऊवारी मी घेऊ दिली नाही, यावरून वाद झाला होता. शिवलेली नेसायला सोपी असते, हे खरे आहे. पण कासोटा आवळून नेसलेल्या लुगड्यात बाईची चाल बदलते, पाऊल रुंद पडते आणि बसताना गुडघा आधी पुढे येतो. आमच्या नायिकेला ही चाल आठ दिवस सांगून जमली नव्हती, ती लुगडे खरे नेसल्यावर एका सकाळीच आली. अभिनय शिकवायला मला कोणी बोलावले नव्हते, तरी तो कपड्यातून शिकवता येतो, हे तेव्हा समजले. आता मी स्वतः नाटके बसवते आणि माझ्या सगळ्या तालमी सकाळी सातला सुरू होतात.

पडदा रंगवणारा, मुंबई

सेंट झेवियर्स महाविद्यालयातला इंडियन म्युझिक ग्रुप १९७३ पासून सुरू आहे आणि त्याचा जनफेस्ट हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव महाविद्यालयाच्या दगडी इमारतींच्या मधल्या चौकात भरत आला आहे. मी संगीतातला नव्हतो, तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होतो. गादी-तक्के उचलायला आणि सजावटीला हात लावायला म्हणून गेलो. मागच्या पडद्यासाठी मी उत्साहाने सूर्य, सतार आणि मोर असे भरगच्च रेखाटन केले होते. एका वरिष्ठ विद्यार्थिनीने ते पाहिले आणि काही न बोलता मला तानपुरे जुळवले जात होते त्या खोलीत नेऊन बसवले. अर्धा तास चार तारांशिवाय तिथे काहीही नव्हते. बाहेर आल्यावर मी मोर खोडला, सतार खोडली आणि पडदा नुसत्या गडद तपकिरी रंगाचा केला. माझ्या हातून झालेले ते सर्वांत चांगले चित्र आहे, असे मला आजही वाटते.

नाटक, पणजी

गोव्यात कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेमुळे कॉलेजातल्या मुलांनाही मोठा रंगमंच जवळून पाहायला मिळतो. चार्ल्स कोरिया यांनी कांपाल येथे मांडवीच्या काठी बांधलेल्या त्या वास्तूच्या प्रेक्षागृहात बाजूच्या भिंतींवर प्रेक्षकांनी भरलेले सज्जे रंगवलेले होते. रिकाम्या प्रेक्षागृहात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझी नजर पडली ती त्या रंगवलेल्या माणसांवर. मी पाठांतरात पक्का होतो, पण बोलताना माझी नजर जमिनीवर असे. आमच्या गटातल्या चित्रकार मुलीने मला सांगितले, की त्या सज्ज्यांमधली तीन माणसे निवड आणि प्रत्येक वाक्य त्यांतल्या एकाला सांग. नजर कोणत्या उंचीवर ठेवायची हे मला एका चित्रामुळे समजले.

संगीत आणि चित्र, ओबर्लिन, ओहायो

मी नागपूरचा. अमेरिकेतल्या ओबर्लिन महाविद्यालयात शिकायला गेलो, तेव्हा 'लिबरल आर्ट्स' या शब्दांचा अर्थ मला नीट ठाऊक नव्हता. तिथे एकाच आवारात कला-विज्ञानाचे महाविद्यालय आहे आणि १८६५ मध्ये स्थापन झालेली संगीतशाळाही आहे. पाच वर्षांत दोन्हीकडच्या पदव्या घेणारे विद्यार्थी असतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारचा मुलगा संध्याकाळी चेलो वाजवायला जायचा, आणि याचे तिथे कोणाला नवल वाटत नसे. आपल्याकडची कला मंडळाची खोली तिथे अख्ख्या गावाएवढी पसरली आहे, असे मला वाटले.

पण मला सांगायचे आहे ते चित्रांबद्दल. तिथल्या ॲलन मेमोरियल कला संग्रहालयातून विद्यार्थ्यांना अस्सल कलाकृती सत्रभर भाड्याने मिळतात. ही प्रथा १९४० पासूनची आहे आणि माझ्या वेळी भाडे पाच डॉलर होते. मोठमोठ्या कलावंतांची मुद्राचित्रे त्यात असतात, म्हणून मुले आदल्या रात्रीच संग्रहालयाच्या आवारात झोपायच्या पिशव्या घेऊन येतात. मीही गेलो. रात्री थंडी होती, कोणीतरी गिटार वाजवत होते आणि रांगेत माझ्या पुढे बसलेली व्हायोलिन शिकणारी मुलगी मला एकच प्रश्न विचारत राहिली, "तू ते चित्र कुठे लावणार?" मी म्हटले, पलंगासमोर. ती म्हणाली, "दाराशेजारी लाव. रोज घाईत असताना दिसले पाहिजे. आम्ही सूरही असेच जुळवतो, खोलीत शिरल्या शिरल्या."

मला एक लहानसे काळे-पांढरे शिळामुद्रण मिळाले. दाराशेजारी लावले. पहिला महिनाभर त्यात मला फक्त एक टेबल आणि खिडकी दिसत होती. नोव्हेंबरमध्ये, एका सकाळी मोजे शोधताना, त्या टेबलाला तीनच पाय आहेत हे दिसले. चौथा पाय कलावंताने काढलाच नव्हता आणि तरीही टेबल पडत नव्हते. सत्र संपल्यावर चित्र परत करताना मी त्या मुलीला ते दाखवायला नेले. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, की या जागी आमच्याकडे विराम असतो.

नेपथ्य, पुणे, २०२२ आणि नंतर

मी सगळ्यांत लहान असेन. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत करंडकाच्या तोडीची एकांकिका नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला, तेव्हा आमचा संघ प्राथमिक फेरीतच बाहेर पडलेला होता, पण निकाल ऐकायला आम्ही गेलो होतो. बाहेर रस्त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. एरवी 'आव्वाज कुणाचा'ने घसा बसेपर्यंत ओरडणारी मुले गप्प उभी होती. त्या निर्णयावर मतभेद होते आणि आजही आहेत. माझ्या मते तो कठोर होता, तरी आमच्यापुरता उपयोगी ठरला.

पुढच्या वर्षी आमच्या मंडळात एक नियम झाला. संहितेचे वाचन फक्त नटांनी ऐकायचे नाही, नेपथ्य, संगीत, प्रकाश, रंगभूषा सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून बसायचे. आधी मी दिग्दर्शकाकडून 'एक घर हवे' एवढे ऐकून फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंती, ठोकायला घ्यायचो. आता नऊ वाचने ऐकली. सातव्या वाचनात माझ्या ध्यानात आले, की नाटकातले वडील एकदाही बसत नाहीत. सगळे त्यांना 'बसा' म्हणतात आणि ते उभेच राहतात. मी दिग्दर्शकाला म्हणालो, की आपल्याला घर नको, एक खुर्ची पुरेल, फक्त ती मधोमध हवी.

फ्लॅट, दार, खिडकी सगळे रद्द झाले. वाचलेल्या पैशांतून जुन्या बाजारातून वेताची खुर्ची आणली. बैठक एका बाजूला उसवली होती, ती वेशभूषेच्या मुलीने सुतळीने विणून दिली. काळोखात खुर्ची नेमक्या जागी पडावी म्हणून तालमीच्या खोलीत तिच्या चार पायांभोवती खडूच्या खुणा केल्या होत्या. भरत नाट्य मंदिरात रंगमंच लावायला मोजकाच वेळ मिळतो. आम्हाला दहा सेकंद लागले. उरलेला वेळ वडिलांची भूमिका करणारा मुलगा त्या खुर्चीभोवती नुसता चालत होता.