घरंगळलेले हातमोजे

‘गिर्यारोहणाची पुस्तकं वाचून नुसती धडकी भरते, हाती काही लागत नाही’ हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. धडकी भरते, खरंय. पण मला हिमवादळांपेक्षा फुटकळ चुकाच जास्त घाबरवतात. १९५० साली फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस एर्झोग अन्नपूर्णेच्या (८,०९१ मीटर) माथ्यावरून उतरत होता. सॅक उघडताना त्याचे हातमोजे उतारावरून घरंगळत गेले आणि तो बघत राहिला. सॅकमध्ये जादा पायमोजे होते, ते हातांवर चढवायचं त्याला सुचलंच नाही! हिमदंशाने बोटं गेली. विरळ हवेत डोकं कसं मंदावतं ते मला त्या पायमोज्यांवरून कळलं, ऑक्सिजनच्या आकडेवारीवरून नाही.

दुसरं म्हणजे, एकाच लेखकावर विसंबू नका. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळात आठ जण गेले, त्यावर पत्रकार जॉन क्राकॉवर यांनी लिहिलं. गाईड अनातोली बुक्रीव जादा ऑक्सिजन न वापरता चढले आणि पैसे भरून आलेल्या ग्राहकांच्या आधी खाली आले, यावर क्राकॉवर यांचा रोख. बुक्रीव यांनीही मग आपली बाजू मांडली. त्याच रात्री एकट्याने बाहेर पडून त्यांनी वादळात अडकलेल्या तिघांना तंबूत आणलं होतं. दोन्ही वाचल्यावर मी तरी बुक्रीवकडे झुकलो. अर्थात गादीवर लोळत न्यायनिवाडा करायला माझं काय जातंय म्हणा!

आणि हो, गिर्यारोहक जो सिम्प्सनचं ‘टचिंग द व्हॉइड’ वाचणार असाल तर रात्री सुरू करू नका. दोर कापला जातो तिथून पुढे पुस्तक मिटता येत नाही.